लोणारच्या दगडातला तीनशे वर्षांचा श्वास

लोणारचं विवर आज कोणी कंत्राट घेऊन खोदायचं ठरवलं, तर हिशेब असा येतो. काठापासून काठापर्यंत व्यास 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, आकार खोलगट. म्हणजे साधारण 20 कोटी घनमीटर खडक. बांधकामवाल्यांच्या मापात सात कोटी ब्रास. एका हायवात पाच ब्रास भरले आणि रात्रंदिवस, पोळा-दिवाळीलाही न थांबता, दर मिनिटाला एक हायवा भरून निघाला, तर काम संपायला 27 वर्षं लागतील. फुटलेला दगड फुगून जास्त जागा घेतो, ते यात धरलेलं नाही. अंतराळातून आलेल्या अशनीने हे काम पंधरा-वीस सेकंदांत उरकलं.

केवढी असेल ती अशनी? 60 मीटर रुंदीचा गोळा धरू. वीस मजली इमारतीएवढी उंची. दगडी असेल तर वजन 3 लाख 40 हजार टन. वेग सेकंदाला 18 किलोमीटर धरू. अशा पाहुण्यांच्या बाबतीत तो नेहमीचाच आहे. मुंबई ते लोणार हे सरळ रेषेतलं सुमारे 390 किलोमीटरचं अंतर या वेगाने 22 सेकंदांत कापलं जातं. वजन आणि वेग यांचं गणित मांडलं की ऊर्जा निघते 1 कोटी 30 लाख टन टीएनटीएवढी. हिरोशिमावर पडला तसे साडेआठशेहून अधिक बॉम्ब, आणि तेही आजच्या मेहकर-लोणार पट्ट्यात, एकाच ठिकाणी, एकाच क्षणी.

हे सगळं कधी घडलं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. एका पद्धतीने विवराचं वय निघतं 52 हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने 5 लाख 70 हजार वर्षं. फरक थोडाथोडका नाही, अकरापट आहे. पहिला आकडा खरा असेल तर तो उजेड आणि तो आवाज माणसांनी अनुभवला असण्याची शक्यता आहे. दुसरा खरा असेल तर आपल्या जातीचा माणूस तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, पण पुढची दीडशे वर्षं बहुतेक अभ्यासक याला ज्वालामुखीचंच काम समजत राहिले. सगळा परिसरच लाव्ह्याच्या खडकाचा, त्यामुळे ते समजण्यासारखं होतं. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्ट फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. नुसत्या धक्क्याने काच होऊन गेलेलं खनिज त्यांना विवरातल्या खडकात सापडलं होतं. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, तो वरूनच यावा लागतो.

लोणारबद्दल लिहिताना लोक इथे थांबतात: खळगा किती मोठा, पाणी किती खारं, 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी कसं झालं. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. माणूस उद्या अंतराळात राहणार, ये-जा करणार, धंदा करणार, असं आपण रोज वाचतो. ते खरोखर किती अवघड आहे आणि कुठे शक्य आहे, याचे जवळजवळ सगळे आकडे लोणारच्या काठावर, बुलढाणा जिल्ह्यात उभं राहून मांडता येतात.

पहिला आकडा 11.2. फार दुरून पृथ्वीकडे ओढली गेलेली कोणतीही वस्तू जमिनीपर्यंत येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला किमान 11.2 किलोमीटर भरतो (हवेने अडवलं नाही तर). हा वेग पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने दिलेला. आणि पृथ्वीची ओढ कायमची तोडून बाहेर पडायचं असेल तर द्यावा लागणारा वेगही हाच, 11.2. येणाऱ्याला जे फुकट मिळतं ते जाणाऱ्याला पुरतं मोजून द्यावं लागतं. अब्जावधी वर्षं ही वाहतूक जवळपास एकाच दिशेने चालू होती. उलट दिशेची नियमित वाहतूक सुरू झाली ती 1957 मध्ये, म्हणजे आज सत्तरी गाठत असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

अंतराळ उंच आहे म्हणून अवघड आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. समृद्धी महामार्गावर गाडीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. हाच रस्ता सरळ आकाशात उभा केला तर 100 किलोमीटरवरची अंतराळाची हद्द पन्नास मिनिटांत येईल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर आहे, म्हणजे लोणारहून मुंबई जितकी लांब तितकंच ते वर. सव्वातीन-साडेतीन तासांत गाडी तिथे पोहोचेल. पण पोहोचून उपयोग नाही, ती तशीच खाली पडेल. तिथे टिकायचं तर आडवा वेग हवा, सेकंदाला 7.66 किलोमीटर. या वेगाने समृद्धीचे नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर दीड मिनिटात संपतात. स्थानक पृथ्वीभोवती दिवसाला जवळपास सोळा फेऱ्या मारतं ते याच वेगाने.

आता या वेगाची किंमत. एक किलो वस्तूला 400 किलोमीटर वर नेऊन तो वेग द्यायला शुद्ध ऊर्जा किती लागते? सव्वानऊ युनिट वीज. युनिटला दहा रुपये धरले तर नव्वद-ब्याण्णव रुपये. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा पुन्हा काढून पाहिला, कारण तो खरा वाटत नाही. एका कुटुंबाच्या दोन-तीन दिवसांच्या विजेत एक किलो माल कक्षेत! याच दराने पाहिलं तर लोणारच्या अशनीने जी ऊर्जा एका दणक्यात उधळली तिच्यात 16 लाख टनांहून जास्त माल कक्षेत गेला असता. आजचं अंतराळ स्थानक 420 टनांचं आहे. तशी सुमारे चार हजार.

प्रत्यक्षातलं भाडं वेगळंच आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या काळात एक किलोला साधारण 54 हजार डॉलर पडत, म्हणजे डॉलरला 85 रुपये धरून 46 लाख रुपये. आज स्पेसएक्सच्या फाल्कन-9 वर पूर्ण रॉकेट भाड्याने घेतलं तर तो दर अडीच ते साडेतीन लाखांवर आला आहे. खामगावची चांदीची पेठ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. 2024 मध्ये चांदी किलोला 70 हजार ते एक लाखाच्या दरम्यान फिरत होती. म्हणजे त्या भावाने एक लिटर पाणी वर पाठवायचं भाडं तीन-चार किलो चांदीएवढं. म्हणूनच स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं 98 टक्के पाणी पुन्हा शुद्ध करून प्यायलं जातं. चांदी कोणी सांडत नाही.

नव्वद रुपये आणि तीन लाख रुपये, या दोन आकड्यांमधली दरी हाच अंतराळातल्या व्यापाराचा सगळा प्रश्न आहे. दरी पडते ती इंधन महाग म्हणून नाही. रॉकेटला आपलं इंधन आपणच उचलावं लागतं, ते उचलायला आणखी इंधन, त्या इंधनाला आणखी. चंद्रयान-3 घेऊन 14 जुलै 2023 ला श्रीहरिकोट्याहून उडालेलं एलव्हीएम-3 रॉकेट 640 टनांचं होतं. त्यातलं चंद्रयान 3.9 टन. त्यातलं चंद्रावर उतरलेलं विक्रम, प्रज्ञानला पोटात घेऊन, पावणेदोन टन. आणि चंद्राच्या मातीवर चाललेलं प्रज्ञान 26 किलो. निघालेल्या प्रत्येक 24 हजार किलोंमागे एक किलो चाकांवर फिरला. शिवाय उरलेलं रॉकेट समुद्रात गेलं. एकदा वापरून विमान फेकून द्यायचं ठरवलं तर नागपूर-मुंबईचं तिकीट कितीला पडेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. फाल्कन-9 चा खालचा टप्पा परत येऊन उभा राहतो आणि त्यांतले काही तीसहून अधिक वेळा उडाले आहेत. भाडं उतरलं ते यामुळे. 2024 या एका वर्षात फाल्कनची 130 हून अधिक उड्डाणं झाली.

माणसाचं तिकीट मात्र अजून वेगळ्याच पट्टीत आहे. 2001 मध्ये पर्यटक म्हणून अंतराळात गेलेले डेनिस टिटो यांनी आठवडाभराच्या सहलीचे 2 कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. 25 जून 2025 ला निघून 15 जुलैला परतलेल्या शुभांशु शुक्ला यांच्या मोहिमेवर भारताने प्रशिक्षण वगैरे धरून सुमारे 550 कोटी रुपये खर्च केल्याचं जाहीर झालं. वीस दिवसांना वाटले तर तासाला एक कोटीच्या वर. हे पैसे वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. 1984 मध्ये राकेश शर्मा गेले, त्यानंतर 41 वर्षं भारताचा कोणीही गेला नव्हता, आणि माणसाला अंतराळात नेणाऱ्या भारताच्या गगनयान मोहिमेला असा अनुभव दुसरीकडून मिळाला नसता. पण ज्या प्रवासाला तासाला कोटी रुपये लागतात तो अजून प्रवास या नावाला पोहोचलेला नाही. सगळ्या जगातून आजवर पृथ्वीच्या कक्षेत गेलेली माणसं सातशेच्या आत आहेत. चंद्रावर बारा जण चालले. डिसेंबर 1972 नंतर एकही नाही.

आणि हे सगळं अंगणातलं. समृद्धीवरची ती गाडी ताशी 120 ने तशीच पुढे नेली तर चंद्र 133 दिवसांनी येतो. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. तिथे जायला 52 वर्षं. विशीत गाडीत बसलेला माणूस बहात्तराव्या वर्षी उतरेल. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 3 कोटी 80 लाख वर्षांवर. हा शेवटचा काळ डोळ्यांसमोर येण्यासाठी मला बुलढाण्याच्या जमिनीचाच आधार घ्यावा लागतो. ज्या लाव्ह्याच्या थरांवर हा जिल्हा उभा आहे तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तो निवला त्या दिवशी गाडी निघाली असती तर ती त्या ताऱ्याला पोहोचून, परत फिरून, आता परतीची पाऊण वाट कापून आली असती. लोणारचं विवर झालं त्या दिवशी, म्हणजे जास्तीत जास्त पावणेसहा लाख वर्षांपूर्वी निघालेली गाडी तर आज जेमतेम तिथे असती जिथे प्रकाश 23 दिवसांत पोहोचतो. ताऱ्यापर्यंतचं अंतर प्रकाशालाही सव्वाचार वर्षांचं. त्यामुळे माणसाच्या वस्तीचा विचार करायचा तर तारे बाजूला ठेवू. चंद्र आणि मंगळ, एवढंच आपल्या पिढ्यांच्या हाती आहे.

तिथे राहायचं म्हणजे पहिली गरज श्वास. एका माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 25 लाख 86 हजार. एवढी वस्ती मंगळावर नेली तर रोज 2,170 टन ऑक्सिजन लागेल. तो पृथ्वीवरून पाठवायचा म्हटलं तर एलव्हीएम-3 चं एक उड्डाण जवळच्या कक्षेत आठ ते दहा टन नेतं. म्हणजे रोजची सव्वादोनशे ते पावणेतीनशे उड्डाणं, फक्त श्वासासाठी, आणि तीही मंगळापर्यंत नव्हे, निव्वळ कक्षेपर्यंत. पाणी, अन्न, भिंती अजून घेतलेल्याच नाहीत. आजची सगळी रॉकेटं एकत्र केली तरी एका जिल्ह्याचा रोजचा श्वास रोजच्या रोज पोहोचत नाही.

मग श्वास आणायचा कुठून? लोणारच्या रस्त्याकडेला पडलेला काळा दगड हातात घ्या. (विवराच्या आतला उचलू नये, ते 1979 पासून राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे. हाच दगड जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधावर मिळतो.) वजनाला जड, रंग करडा-काळा, फोडला की आत बारीक दाणा, कुठे कुठे वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्या आणि त्यांत पांढऱ्या खनिजाचे स्फटिक. याला बेसाल्ट म्हणतात. सिलिकॉन, लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळ्यांनी ऑक्सिजन घट्ट धरून ठेवलेला. वजनाने मोजला तर 44 टक्के. एक किलो दगडात 440 ग्रॅम ऑक्सिजन: एका माणसाचा बारा तासांचा श्वास.

आता सुरुवातीचा हिशेब इथे जोडू. लोणारच्या खळग्याएवढा खडक, 20 कोटी घनमीटर, वजनाने सुमारे 56 कोटी टन. त्यात ऑक्सिजन 24 कोटी टनांच्या वर. सगळ्या बुलढाणा जिल्ह्याला तो तीनशे वर्षं पुरेल. एका विवराचा दगड, आणि एका जिल्ह्याच्या दहा-बारा पिढ्यांचा श्वास!

चंद्रावर जे काळे डाग आपण लहानपणापासून ससा म्हणून पाहत आलो ती बेसाल्टची मैदानं आहेत. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच. आणि विवरांचं म्हणाल तर मंगळावर एक किलोमीटरहून मोठी 3 लाख 84 हजार विवरं मोजली गेली आहेत, चंद्रावर दहा लाखांच्या वर. पृथ्वीवर मात्र ऊन, पाऊस आणि जमिनीची उलथापालथ यांनी बहुतेक पुसून टाकली. अशनीची म्हणून नक्की झालेली साऱ्या पृथ्वीवर दोनशेच्या आसपास, आणि बेसाल्टमधली त्यातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या मोजक्यांत लोणार सर्वांत नीट टिकलेलं. चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगभरातून इथे येतात ते म्हणून.

दगडातून ऑक्सिजन काढणं जादू नाही. बाराशे अंशांच्या पुढे तापवून खडक वितळवायचा आणि त्या रसातून वीज सोडायची. ऑक्सिजन एका टोकाला बुडबुडतो, धातू दुसऱ्या टोकाला उरतो. प्रयोगशाळेत हे जमलं आहे, चंद्रावर अजून नाही. मंगळावर जे जमलं ते वेगळ्या वाटेने. पर्सिव्हिअरन्स या गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने मंगळाच्या विरळ हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवला. 2021 ते 2023 या काळात सोळा वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम. एका माणसाला साडेतीन तास पुरेल एवढा. साडेतीन तास म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांनी राइट बंधूंचं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं हे ध्यानात घ्यावं. परक्या ग्रहावर माणसाने बनवलेला पहिला श्वास आहे हा.

श्वासानंतर छप्पर. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या शंभराव्या भागाहूनही कमी, चंद्रावर तर हवा नाहीच. अवकाशातला किरणोत्सार अडवायला काही नाही. तिथेही उपाय हाच: दोन-तीन मीटर जाडीची दगडमाती डोक्यावर. ती ऊनही अडवते. विक्रमवरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत तापमान मोजलं तेव्हा वर 50 अंशांहून जास्त होतं आणि फक्त 8 सेंटीमीटर खाली शून्याच्या खाली 10. चार बोटांच्या मातीत साठ अंशांचा फरक! अंतराळातलं पहिलं घर काचेच्या घुमटाचं असेल, अशी चित्रं पुष्कळ छापून येतात. आकडे पाहिले की ते काळ्या दगडाखाली गाडलेलं असेल असंच वाटतं.

व्यापाराबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण अंतराळातल्या खाणींचं फार कौतुक चाललं आहे. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून 2023 मध्ये 121.6 ग्रॅम माती आणली. सगळी मोहीम सुमारे 116 कोटी डॉलरची. ग्रॅमला 80 कोटी रुपये पडले. ती विज्ञानासाठी होती आणि त्यासाठी स्वस्तच म्हणावी लागेल, पण या भावात लोखंड-निकेल आणून कोणी विकू शकत नाही. माझ्या मते अंतराळातला माल पृथ्वीवर आणून विकणं हा धंदा फार लांबचा आहे. जवळचा धंदा आहे तो तिथलं तिथेच वापरण्याचा. चंद्रावर काढलेला एक किलो ऑक्सिजन तिथे असलेल्या माणसाला लाखमोलाचा, कारण तो खालून आणायचे लाखो रुपये वाचतात. आणि आज खरा चालणारा अंतराळ-व्यापार संदेश, नकाशे, हवामान यांचा आहे. भारताचा त्यातला वाटा सुमारे 840 कोटी डॉलर, जगाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. 2033 पर्यंत तो 4,400 कोटी डॉलरवर न्यायचं इन-स्पेस या सरकारी संस्थेने ठरवलं आहे. पाचपट, दहा वर्षांत.

आकाशातून आलेल्या वस्तूवर कमाई मात्र बुलढाण्याला नवी नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारी द्रव्यं इथे मिळतात आणि त्यावरच्या करातून चांगलं उत्पन्न येतं, असं अबुल फजल लिहितो. अशनीने खळगा केला, बाहेर जायला वाट नसल्याने पाणी साठलं, आटत आटत पापडखारासारखे क्षार दाट झाले आणि शेकडो वर्षं त्यांचा व्यापार चालला. कॅनडातल्या सडबरीला तर 185 कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच आघाताच्या जागी जगातल्या मोठ्या निकेलच्या खाणी आहेत.

2035 पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असं भारताने जाहीर केलं आहे. राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा 35 वर्षांचे होते, शुभांशु शुक्ला 39 वर्षांचे. त्या हिशेबाने 2040 मध्ये चंद्रावर उतरणारी व्यक्ती आज कुठल्या तरी कॉलेजात आहे किंवा नुकतीच नोकरीला लागली आहे. अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर जाण्याआधी अ‍ॅरिझोनातल्या मिटिअर क्रेटरमध्ये हिंडले होते. भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर त्यांना दगड वाचायला शिकवत होते. ते विवर 1.2 किलोमीटरचं आणि वाळूच्या व चुन्याच्या खडकातलं, चंद्राशी न जुळणारं. आपल्याकडचं दीडपट मोठं आणि चंद्रासारख्याच खडकातलं. आपल्या अंतराळवीरांचा भूशास्त्राचा वर्ग लोणारच्या उतारावर भरायला हवा: मूळच्या लाव्ह्याचे थर कुठे संपतात, आघाताने उलटून पडलेला दगड कुठून सुरू होतो, वितळून पुन्हा गोठलेला तुकडा कसा ओळखायचा. तोवर विवराचा काठ, तिथला ढिगारा आणि तळाचं पाणी बांधकाम व सांडपाणी यांपासून राखणं, हा भारताच्या चांद्रमोहिमेच्या तयारीतलाच खर्च म्हणून अंदाजपत्रकात धरायला हवा.